ती काय म्हणते?

५ मे

दुपारी एकला निकाल लागला. संस्कृतीला त्र्याहत्तर टक्के, तेही सायन्सला. मी पारनेरच्या स्टँडवर उभी होते, तिथेच मोबाईलवर पाहिलं आणि रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "मुलगी का तुमची?" मी हो म्हणून टाकलं.

ती चौथीत होती तेव्हापासून मी तिच्या शाळेत जातेय. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. खुणांची भाषा मी तिला शिकवली, आज ती माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं बोलते. आता आणखी चांगलं कॉलेज, आणखी पुढचं शिक्षण. आणि माझ्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलंय: 'विशेष शिक्षिका, इयत्ता पहिली ते बारावी.' बारावीनंतर अपंगत्व संपतं असं सरकारला वाटत असावं.

ऑफिसच्या भेट-अहवालात 'विद्यार्थिनी प्रगतिपथावर, पालक सहकार्य करतात' एवढंच लिहिता येतं. खरं काय ते लिहायला ही वही आणली.

संध्याकाळी त्यांच्या वस्तीवर गेले. तिचे वडील राधाकृष्ण वाटाण्याच्या रानाची नांगरट करून नुकतेच आले होते. आई लंकाबाईनं साखर हातावर ठेवली. मी सगळं समजावून सांगितलं: नगरच्या कॉलेजात बी.ए., मग विशेष शिक्षणाचं बी.एड., मग कर्णबधिर शाळेत नोकरी.

राधाकृष्ण म्हणाले, "आमाला काय कळतंय मॅडम. तुमी सांगाल तसं."

संस्कृती मधेच हात हलवत होती. तिला केमिस्ट्री हवंय. अकरावीत माती परीक्षणाची प्रयोगशाळा दाखवायला नेलं होतं, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. माती तपासायची, पाणी तपासायचं, कुठल्या रानात काय कमी आहे ते शेतकऱ्याला लिहून द्यायचं. मी म्हटलं, बघू. पोरीची हौस आहे. बी.एस्सी. तर बी.एस्सी.

१२ जून

आज कॉलेजात गेलो. मी, संस्कृती आणि राधाकृष्ण. सुप्यावरून जाताना गाडीत जागा नव्हती, तिघंही उभे.

कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. नगरमधलं मोठं कॉलेज आहे, फाटकावर 'सर्वांसाठी शिक्षण' असं रंगवलंय. प्रवेशाच्या खिडकीवरच्या क्लार्कनं प्रमाणपत्र पाहिलं आणि आम्हाला उपप्राचार्यांकडे पाठवलं. सरळ प्रवेश देता येत नाही म्हणे, 'ही केस वेगळी आहे'. केस!

उपप्राचार्यांनी पाच मिनिटांत एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याशी बोलत होते.

"मॅडम, भावना समजतात. पण लॅब आहे. ॲसिड आहे, बर्नर आहे. भडका उडाला, कुणी ओरडलं, तर हिला ऐकू येणार नाही. जबाबदारी कुणाची?"

संस्कृतीनं त्यांचे ओठ वाचले असावेत. तिनं लगेच हात हलवले. भडका ऐकायचा नसतो, बघायचा असतो, आणि ओरडणाऱ्याच्या आधी तो मला दिसेल, असं काहीतरी.

"ती काय म्हणते?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "ती म्हणते, २०१६ च्या कायद्यानं मला प्रवेश नाकारता येत नाही. पाच टक्के जागा राखीव आहेत. अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करणं गुन्हा आहे."

त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला! अशा लोकांना कायद्याचीच भाषा कळते, भडक्याबिडक्याच्या गोष्टी करून काय उपयोग.

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक टाईप केलेला कागद काढला. हमीपत्र. 'माझ्या पाल्यास प्रयोगशाळेत काहीही इजा झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही, तसेच पाल्यासोबत पूर्णवेळ एक मदतनीस मी स्वतः देईन.' तीन वर्षं, रोज, मदतनीस! राधाकृष्णांनी खिशातून पेन काढलं. मी ते हातातून घेतलं. चांगल्या घरच्या, चांगल्या कानांच्या पोरांच्या बापाकडून असा कागद घेता का, असं मी विचारलं. आवाज चढला, बाहेरचा शिपाई आत डोकावला.

संस्कृती माझी बाही ओढत होती. लॅब कुठल्या बाजूला आहे ते विचारत होती, तिला बघायची होती. मी तिला गप्प बस म्हणून खूण केली. ही वेळ होती का ती?

प्रवेश मिळाला नाही. येताना ती खिडकीबाहेर बघत राहिली. बिचारीला फार लागलं असणार.

१३ जून

ऑफिसच्या साहेबांना कळलंच. "बारावीनंतरचं तुमच्याकडे नाही, कशाला हिंडता? उद्या कॉलेजची तक्रार आली तर माझ्यावर येईल." मी चौदा वर्षं कंत्राटावर आहे. मी म्हटलं, रजा टाकून हिंडते. ते म्हणाले, रजेचा अर्ज आधी मंजूर करून घ्यायचा असतो.

१९ जून

आज पेपरात आलं! 'मूकबधिर कन्येला प्रवेश नाकारला. शिक्षिकेचा एकाकी लढा.' वार्ताहर ओळखीचा निघाला, मी त्याला सगळं सांगितलं होतं. संस्कृतीचा फोटो मीच दिला, माझ्या मोबाईलमधला, तिच्या मावसबहिणीच्या लग्नातला. दिवसभर फोन. माझ्या बहिणीचा सोनईहून आला, म्हणाली, नाव काढलंस.

संध्याकाळी राधाकृष्णांचा फोन. मला वाटलं आभार मानतील. म्हणाले, "मॅडम, फोटू द्यायचा नव्हता. लोक दारात येऊन बगायलेत. मुकी म्हंत्यात. पोरगी जेवली न्हाई."

मी समजावलं, लढाईत थोडं सोसावं लागतं. त्यांना पटलं असावं, बरं म्हणून फोन ठेवला.

संस्कृतीचा मेसेज आला: 'मॅडम फोटो माझा. विचारलं नाही मला. मी मूक नाही. मी बोलते हात.'

तिचं लिहिणं असंच येतं, ऐकलेलं नसतं ना. मी उत्तर दिलं, शब्द पेपरवाल्यांचा आहे बेटा, भावना बघ. खाली अंगठ्याचं चित्र टाकलं.

२४ जून

पेपरचा परिणाम झाला! कॉलेजातून मला बोलावणं. एकटीच गेले. वस्तीवर मुगाची पेरणी चालली होती, सगळ्यांचा दिवस कशाला मोडायचा?

उपप्राचार्य आज चहा पाजायला तयार. म्हणाले, मधला मार्ग काढू. बी.ए.ला प्रवेश देतो, आजच्या आज. हमीपत्र नको, मदतनीस नको. रोज आली नाही तरी चालेल, परीक्षेला आली की पुरे. "लॅबचा विषयच नाही, म्हणजे तुम्हालाही काळजी नाही, आम्हालाही नाही."

मला त्यातला डाव कळत होता. रोज आली नाही तरी चालेल म्हणजे येऊच नको. पण मी चौदा वर्षांत एक शिकलेय, दार किलकिलं झालं की आधी पाय आत घालायचा. एकदा आत गेलं की तिथून भांडता येतं. आणि खरं तर बी.ए. आणि बी.एड. हेच तिच्या भल्याचं. कर्णबधिर मुलांना अशी शिक्षिका मिळाली तर! मी हे पहिल्यापासून म्हणतेय.

त्यांनी विचारलं, "मुलीची तयारी आहे ना?"

मी म्हटलं, "ती तयार आहे."

अर्ज भरला. सहीच्या जागी 'संस्कृती' असं मीच लिहिलं, शाळेचे किती फॉर्म मी तिच्यासाठी भरलेत. येताना स्टँडवर पेढे घेतले.

२५ जून

पेढ्यांचा डबा तसाच परत आणला.

मी संस्कृतीला खुणांनी सांगितलं, कॉलेज मिळालं. ती उडालीच. आईला मिठी मारली. मग अंगठा आणि बोट हवेत धरून तोटी फिरवल्यासारखं केलं, थेंब थेंब. टायट्रेशन, थेंबाथेंबानं रसायन मोजायचा प्रयोग. मी सांगितलं, बी.ए. तिला वाटलं मी चुकीची खूण केली. तिनं माझे हात धरून पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा केली.

ती घरात निघून गेली. लंकाबाई म्हणाली, "तिनं तर तुमाला सांगितलंतं ना, मॅडम? आमाला बी तेच सांगायची. मातीचं. मातीची डाक्टर व्हनार म्हनायची."

मी म्हटलं, एक वर्षानंतर बदलून घेऊ. बदलून मिळत नाही हे मला माहीत आहे.

मी उन्हातान्हात कुणासाठी हिंडले? साहेबांची बोलणी कुणासाठी खाल्ली?

२९ जून

चार दिवस झाले. मी नऊ मेसेज केले. वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. चौथीपासून मी हिच्यासाठी काय नाही केलं! दोन घास कमी खाऊन मी हिला शिकवली असं नाही म्हणणार, पण या मुलीच्या दहावीला मी माझ्या सासऱ्यांच्या दशक्रियेतून उठून गेले होते. असो.

आज घरी ह्यांनी विचारलं, "तिला काय पाहिजे होतं?" मी म्हटलं, "तिला कळतं का काय पाहिजे ते?" ते पेपर वाचायला लागले. मला राग आला.

२ जुलै

कमालच झाली. संस्कृतीनं स्वतः प्राचार्यांना मेल पाठवलाय. राधाकृष्णांनी फोनवर सांगितलं. मला न सांगता, न दाखवता! त्या मोडक्या वाक्यांत! तिचं हसं होईल. पण प्राचार्यांनी सात तारखेला समिती बसवली आहे आणि तिला समोर बोलावलंय. दुभाषी मात्र तुमचा तुम्ही आणा म्हणे. एवढ्या मोठ्या कॉलेजाला एक दुभाषी मिळत नाही! कायद्यात त्यांचं काम आहे ते. मी पत्र लिहिणार होते, पण तोपर्यंत सात तारीख उलटून गेली असती.

संध्याकाळी तिचा मेसेज, आठ दिवसांनी: 'मॅडम ७ तारीख या. मी हात, तुम्ही आवाज. फक्त.'

शेवटचा शब्द मला नीटसा समजला नाही. जाणार, अर्थात जाणार.

७ जुलै

आजच लिहायला हवं.

टेबलाच्या पलीकडे चौघं. प्राचार्य, उपप्राचार्य, समितीतल्या एक प्राध्यापिका, आणि केमिस्ट्रीचे विभागप्रमुख भागवत सर, वयस्कर, शर्टाच्या खिशाला ॲसिडनं पडलेली भोकं. अलीकडे संस्कृती आणि मी. राधाकृष्ण दाराशी, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

मी कायद्याची प्रत आणली होती, कलमांना पिवळा रंग देऊन. संस्कृतीनं ती माझ्या हातातून घेतली, घडी केली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली. मग उभी राहिली.

मी सुरुवात केली, "माझं नाव संस्कृती. मी अठरा वर्षांची आहे." दुभाष्यानं असंच बोलायचं असतं, 'मी' म्हणून. शिकवलेलं होतं, मी ते कधीच पाळलं नव्हतं.

"मी बी.एस्सी.साठी आले होते. बी.ए.चा अर्ज मी केलेला नाही."

पुढची खूण तिनं केली आणि मी थांबले.

खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले. उपप्राचार्य म्हणाले, "ती काय म्हणते?"

मला काहीही सांगता आलं असतं. त्या खोलीत खुणा समजणारं दुसरं कुणी नव्हतं. 'ती म्हणते तिच्यावर अन्याय झाला', एवढं म्हटलं असतं तरी चालून गेलं असतं. संस्कृती माझ्या ओठांकडे बघत होती. वाट बघत होती. तिनं तीच खूण पुन्हा केली, सावकाश, लहान मुलाला शिकवतात तशी.

मी म्हटलं, "तो अर्ज माझ्या मॅडमनी केला. सही पण माझी नाही. त्यांनी मला विचारलं नाही."

उपप्राचार्य खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे खोटी सही! बघा सर, मी म्हणत होतो ना, या बाईच सगळं—"

संस्कृतीनं टेबलावर हात आपटला. पाण्याचे ग्लास हलले. मग तिचे हात इतक्या वेगानं चालले की मला धावावं लागलं.

"मॅडम चुकल्या. तुम्ही पण चुकलात. मी बारा जूनला इथेच या खुर्चीवर बसले होते, तुम्ही माझ्याकडे एकदा पण पाहिलं नाही. मॅडमनी विचारलं नाही, तुम्ही पण विचारलं नाही. पेपरवाल्यानं विचारलं नाही. मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी मला भाषा दिली. पण मी बोलते तेव्हा त्या दुसरंच बोलतात. मला ओठ वाचता येतात. मला माहीत असतं."

मला माहीत असतं. हे मी माझ्या तोंडानं म्हटलं. किती वर्षांपासून माहीत असतं? कुणी पाणी पुढे केलं ते आठवत नाही.

प्राचार्य म्हणाले, "बरं, पण लॅबमधल्या धोक्याचं काय?"

"भडका डोळ्यांना दिसतो. वर्गातली मुलं मोबाईलवर बघत असतात, मी बघत नाही. घंटेबरोबर एक लाल दिवा लावा. सर फळ्याकडे तोंड करून बोलले तर मला कळत नाही, इकडे तोंड करून बोलावं. उद्या काय शिकवणार ते आज लिहून द्यावं."

आता भागवत सरांची पाळी. त्यांनी मला काही विचारलं नाही. तिच्याकडे बघून, तोंड मोठं न करता, साधं विचारलं, "टायट्रेशन संपलं हे कशावरून ओळखतेस?"

तिनं बोटं मिटून तोटी धरली, एक थेंब सोडला, गालावर हात फिरवला. मी म्हटलं, "एका थेंबात गुलाबी होतं. दुसरा थेंब टाकला की चुकलं."

"कानाचा काही संबंध?"

"नाही."

भागवत सर हसले. उपप्राचार्यांनी तेच हमीपत्र पुढे सरकवलं. तिनं ते वाचलं. 'महाविद्यालय जबाबदार राहणार नाही' ह्यावर रेघ मारली. 'मदतनीस' ह्यावर रेघ मारली. 'माझ्या पाल्यास' खोडून वर 'मला' लिहिलं. आता त्या कागदावर उरलं एवढंच, की मी प्रयोगशाळेचे नियम पाळीन. खाली सही केली. तिची सही मी आज पहिल्यांदा नीट पाहिली. मी केली होती तशी अजिबात नाही.

बाहेर आल्यावर राधाकृष्ण मला म्हणाले, "मॅडम, आज पोरीचा आवाज ऐकला." मग ओशाळले, "म्हंजी, तुमच्या तोंडून."

८ जुलै

रात्रभर तेच. चारचौघांत माझं असं. एकटीला सांगता आलं नसतं का तिला? मग मे महिन्यापासूनची पानं चाळली. १२ जूनचं पान दोनदा वाचलं. २४ जूनचं एकदाच वाचता आलं.

१५ जुलै

बी.एस्सी.ला प्रवेश झाला.

कॉलेजनं आपल्या फेसबुकच्या पानावर फोटो टाकलाय, 'आमच्या महाविद्यालयाची सामाजिक बांधिलकी'. त्यात उपप्राचार्य तिला गुलाब देतायत! निर्लज्जपणाला सीमा असते. आणि वर्गात दुभाषी? 'विद्यापीठाकडे प्रस्ताव पाठवला आहे.' लाल दिवा? 'निविदा काढावी लागेल.' एका दिव्याला निविदा! भागवत सरांनी इलेक्ट्रिशियनला बोलावून लावून घेतला म्हणे.

साहेबांनी मला लेखी खुलासा मागितलाय, विनापरवाना मुख्यालय सोडल्याबद्दल. मी खुलाशात सगळं लिहिलं, सहीचं सुद्धा. काय करायचं ते करा. आणि खाली लिहिलं की अकोले, पारनेर, जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांत बारावी झालेल्या अशा मुलांचं पुढे काय होतं, ते ऑफिसनं मला लेखी कळवावं. कळवणार नाहीत. दर महिन्याला विचारणार आहे.

संस्कृतीला मेसेज केला, पत्राच्या प्रतीसह: 'दुभाष्यासाठी विद्यापीठाला असं पत्र पाठवू का? तू सांग.' तिनं तीन ठिकाणी दुरुस्ती करून परत पाठवलं. 'बिचारी' शब्द खोडला होता.

४ ऑगस्ट

पहिलं प्रॅक्टिकल. मी म्हटलं गरज पडेल, म्हणून गेले. लॅबच्या बाहेर बाकावर बसले. दाराच्या काचेतून तिची पाठ दिसत होती, पांढरा कोट, शेजारी एक चष्म्यातली मुलगी. ती मुलगी वहीत काहीतरी लिहून तिला दाखवत होती. एकदा आतून काच फुटल्याचा आवाज आला, मी उठून उभी राहिले. फोडणारा दुसराच कुणी होता. संस्कृती तुकडे गोळा करायला सुपडी घेऊन पोचली पण होती.

अकरा ते दोन. मला कुणी आत बोलावलं नाही. मला त्याचा रागच येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

दोन वाजता मुलं बाहेर आली. तिच्या बोटांवर जांभळे डाग पडले होते. मला बघून ती थबकली. विचारलं, तुम्ही अजून इथेच?

मी खुणेनं सांगितलं, गाडी चुकली.

तिनं घड्याळ बघितलं. मग म्हणाली, गाडी दर अर्ध्या तासाला आहे. आणि मैत्रिणीबरोबर कँटीनकडे गेली. जिन्यापाशी वळून तिनं मला हात केला, तुम्हीपण या.